फ्रिजला आराम

पवनीच्या आमच्या मावसाजींना चालू यंत्र बघवत नसे. पंखा फिरताना दिसला की यांचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेलाच. घरातल्या प्रत्येक बोर्डावर त्यांनी ते पांढरे, लठ्ठ स्मार्ट प्लग खोचून ठेवले होते. टीव्ही, कूलर, पाण्याची मोटर, सगळ्यांना फोनवरून वेळा लावून दिलेल्या. आम्ही भाचरं त्यांना तोंडावरच टायमर मावसाजी म्हणायचो आणि ते खूश व्हायचे.

जन्मभर ते राईस मिलमध्ये मोटरीवर होते. न थांबवता चालवलेली मोटर जळते, हे तिथे शिकले आणि तेच घरी घेऊन आले. "मानसाले आराम लागते, मंग मशीनले काहून नाई?" हे वाक्य पाहुण्याला पाण्याआधी मिळे. मे महिन्यात, पवनीच्या त्या भट्टीत, भर दुपारी कूलर आपोआप बंद व्हायचा. आपण घामाने चिंब होऊन उठावं, तर हे शांतपणे म्हणत, "त्याचा आराम सुरू आहे, बाई. झोप तू, होते चालू थोड्या वेळानं." तो प्लग उपटून वैनगंगेत भिरकावून द्यावासा वाटे.

पण खरी शिसारी यायची ती फ्रिजची. त्यालाही रोज आराम, सकाळी बंद केलेला तो दिवे लागल्यावर चालू. दार उघडलं की आंबूस भपकारा नाकात शिरायचा. एकदा मावशीने माझ्यासाठी मुद्दाम तळ्यातले झिंगे आणवून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पातेलं बाहेर काढलं तर सगळा बुळबुळीत लगदा, आणि वास असा, की मी अंगणात जाऊन ओकले. मावसाजींनी पातेलं नाकाशी नेलं आणि म्हणाले, "फोडणी जोरात दे, होते बरोबर." मावशीने ते निमूटपणे परसात नेऊन पुरलं. काढून टाक ना तो प्लग, असं मी तिला चिडून म्हटलं.

"जाऊ दे वं," ती म्हणाली. "त्यायचा जीव आहे त्याच्यात."

राग धरावा, तर माणूस मोठा लोभस. मला घ्यायला बसस्टँडवर उन्हात ताटकळत उभे राहायचे आणि हातातली पिशवी हिसकावून घ्यायचे. मावशीला साखरेचा आजार होता. तिचं इन्सुलिन थंड राहावं म्हणूनच तर त्यांनी तो फ्रिज घेतला होता. सुई टोचायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. मोबाईल वाजला की हे हजर. टोचलेल्या जागी फुंकर घालत "झालं, झालं" म्हणायचे. एकही वेळ त्यांनी कधी चुकवली नाही.

मागच्या उन्हाळ्यात मावशीच्या पायाची जखम चिघळली. साखर उतरेना. भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, इन्सुलिन कुठे ठेवता?

"फ्रिजमधी," मावसाजी म्हणाले. "दिवसभर बंद ठेवतो मी त्याले. तिचं औषध आहे ना त्याच्यात, जास्त वर्सं टिकला पायजे." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता.

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. "या उन्हाळ्यात? काका, औषध खराब झालं असेल ते. तुम्ही नुसतं पाणीच टोचत होता."

मला मावसाजींकडे बघवेना, इतका तिटकारा आला त्यांचा.

मावशी घरी परत आली नाही. तेरवीच्या दिवशी पंगत उठल्यावर मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर मावसाजी फ्रिजसमोर उभे. टायमरचा तो पांढरा प्लग काढून टाकलेला होता आणि भर दुपारी फ्रिज घरघरत होता. आत पाण्याच्या बाटलीशिवाय काही नव्हतं. त्यांनी दारावरून हात फिरवला.

"पाह्य, नवाच्या नवा आहे अजून," ते म्हणाले. "काईच झालं नाई याले."

मग त्यांनी ती थंडगार बाटली काढून माझ्यापुढे धरली. मला त्यांची किळस आली, आणि त्यांना धरून रडावंसंही वाटलं. मी बाटली घेतली नाही. त्यानंतर पवनीला गेलेही नाही.