घरचं नाक

"घरचं नाक घरी ठेवून यायचं, मॅडम."

विभागप्रमुख भर मीटिंगमध्ये हे बोलले. सगळे हसले. मी तेव्हा नवी होते. एका वाक्यापुढे मी ‘चांगलं’ अशी खूण केली होती, एवढाच माझा गुन्हा. वाक्य होतं, ‘वाडीभर सुकटीचा वास सुटला होता.’

आमचं काम म्हणजे कॉम्प्युटरला शब्दांचे अर्थ शिकवणं. प्रत्येक वाक्य तिघं वाचतात आणि चांगलं की वाईट ते ठरवतात. दोघांचं जुळलं की तिसऱ्याची खूण पुसायची. बाकी दोघांनी ‘वाईट’ लिहिलं होतं. माझी खूण पुसली.

मी थळची. कोळ्याची पोर. किनाऱ्यावरच्या ओट्यांवर जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळत पडला, की तो वास घरात शिरायचा. तो आला म्हणजे होडी भरून आली. म्हणजे आज आई चिडणार नाही, आज पोटभर जेवण. त्याच वासापायी शाळेत मला दाराशी एकटीला बसवायचे. वाटलं होतं, शिकले की दारातून आत येईन.

पुढे मी त्याच विभागात प्राध्यापक झाले. शब्दाला अर्थ कुठून येतो, ते शिकवते. वर्गात पोरं मान डोलावतात. खुणा करायच्या टेबलाभोवती मात्र मी अजून तिसरीच. माझ्या घरचा शब्द आला की दोघं एका बाजूला, मी दुसऱ्या. किती वेळा भांडले, किती वेळा संडासात जाऊन रडले. खूण पुसली ती पुसलीच.

यंदा त्याच शिकवणीवर एक यंत्र तयार झालं. किनाऱ्यावरच्या तक्रारी वाचून आधी कोणती घ्यायची, ते ठरवणारं. चाचणीला मी बसले होते. बंगलेवाल्यांची तक्रार सगळ्यात वर आली, सुकटीच्या घाणीची. तळाशी एक होती. खाली आईचं नाव.

‘बंगलेवाल्यांनी आमचे वट्यांवर कुंपन घातलाय. मावरा कुठं सुकवाचा?’

यंत्राने शेरा मारला होता, ‘नेहमीचं भांडण’.

बाहेर जाऊन आईला फोन केला.

"तू त्याच मशीनीचा काम करतंस ना, बाय? मंग सांग ना त्याला," ती म्हणाली.

काय सांगणार होते? ते यंत्र माझ्याच खोलीत शिकलं होतं. मी तिथेच बसलेली असताना.

आत आल्यावर प्रमुखांनी यंत्र चाचणीत बरोबर ठरल्याचा कागद पुढे केला. "सही करा. तुम्ही तिकडच्याच. तुमचं नाव असलं की कोणी बोट दाखवणार नाही."

म्हणजे माझं नाक नको होतं, नाव हवं होतं.

"नाही करणार," मी म्हटलं. "आधी माझ्या पुसलेल्या खुणा परत आणा. हे यंत्र पहिल्यापासून शिकवा. वाडीतल्या बायकांना या टेबलाशी बसवा."

"मग पुढच्या बढतीचं विसरा."

"विसरले."

कुंपण अजून उभं आहे. आईचा जवळा घरात पडून सडतोय. टेबलाशी असलेली माझी खुर्चीही बहुधा जाईल, आणि मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण आईच्या तक्रारीला भांडण म्हणणाऱ्या यंत्राखाली माझी सही लागणार नाही. उद्या पुन्हा मीटिंग आहे. मी जाणार आहे, आणि नाक बरोबर घेऊन जाणार आहे.