घासून काढलेल्या बारा प्लेटा

बातमी आली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत साबणात होते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल नुकतंच आटोपलं होतं आणि सिंकमध्ये बीकरांचा ढीग पडला होता. आमच्या विभागाच्या मॅडम एरवी दारातूनच "वानखडे, झालं का?" असं विचारून पुढे जातात. त्या दिवशी त्या आत आल्या, नळ स्वतःच्या हाताने बंद केला आणि म्हणाल्या, "नीलिमा गेली, वानखडे. पहाटे." मी "बरं" म्हणालो. नळ पुन्हा सोडला आणि उरलेले सगळे बीकर धुतले, पुसले, फळीवर उलटे मांडले. मॅडम तोवर स्टुलावर बसून होत्या. शेवटचा बीकर ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी "बरं" म्हणालो होतो…

नीलिमा परब आमच्या घाटकोपरच्या कॉलेजात पीएच.डी. करत होत्या. एकतीस वर्षांच्या. पावसाळा सरता सरता ताप आला, मग डोळे पिवळे झाले. लेप्टो आहे, डॉक्टर म्हणाले. कांजूरमार्गला त्यांच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं होतं, त्यातून सगळेच चालले, त्याही चालल्या. हॉस्पिटलात पाच दिवस. प्रबंध जूनमध्ये देऊन झाला होता, फक्त तोंडी परीक्षा राहिली होती. ती झाली की त्यांच्या नावामागे डॉक्टर लागणार होतं. ते लागायचं राहिलं, आणि त्यात माझा हात आहे की नाही, हे मी गेला दीड महिना स्वतःला विचारतो आहे. म्हणून हे लिहितो. मी वाशिमकडचा, सातवीत शाळा सोडलेला माणूस. चुकलंमाकलं माझी मुलगी दुरुस्त करते आहे.

मुंबईत येऊन मला बावीस वर्षं झाली. गावाकडे आता विचारणारं कुणी नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये काचसामान धुण्याचं काम मी कॉन्ट्रॅक्टवर करतो, आणि कॉन्ट्रॅक्टवाल्या माणसाला दर अकरा महिन्यांनी भीती वाटते तशी मलाही वाटते. कुणी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी माझ्या तोंडून आधी माफीच निघते. नीलिमाताईंनी पहिल्यांदा हाक मारली ती हातात एक बीकर घेऊन. "दादा, हे तुम्ही धुतलंत?" मी म्हणालो, "चुकलं ताई, परत धुतो." "अहो, परत कशाला धुताय? एवढी कॉलेजं फिरले, असं भांडं कुठे बघितलं नाही. साबणाचा कण राहिला ना, तर माझे आकडे चुकतात. तुमच्यामुळे माझे आकडे खरे येतात." तोपर्यंत माझ्या कामाचा कुणाच्या खरेपणाशी काही संबंध असेल असं मला वाटलंच नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्या घरची भांडी काहून नाही घासत?"

ताईंचं काम माहुलच्या खाडीत होतं. तिथल्या जुन्या धक्क्यावरून त्यांनी पाण्यात बारा प्लेटा सोडल्या होत्या. हाताच्या पंजाएवढ्या, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या, मुद्दाम खरखरीत केलेल्या. शेजारी काडेपेटीएवढं एक यंत्र बांधलेलं. ते दर तासाला पाण्याचा ताप टिपून पोटात ठेवायचं. "खाडीला थर्मामीटर लावलाय," असं त्या म्हणायच्या. मी दोन-तीनदा त्यांची बॅग घेऊन गेलो होतो, पण धक्क्याच्या कडेपासून दहा पावलं लांब उभा राहायचो. आमच्या गावाला विहीर होती, तिच्यातही मी कधी वाकून बघितलं नाही. ताई कडेला पालथ्या पडून दोर ओढायच्या आणि बाळारामभाऊ नावाचे तिथले कोळी होडीतून ओरडायचे, "पोरी, मासा लागला तर अर्धा माझा." ताई ओरडायच्या, "लागला तर अख्खा तुमचा. मला शेवाळ ठेवा." ती मला थट्टा वाटायची.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला त्या कणकवलीकडे गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, "दादा, एक काम कराल? मधल्या रविवारी ओहोटीला जाऊन दोर शाबूत आहेत का तेवढं बघा. पावसात गाठी सुटतात." एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. रविवारी सकाळी मी माहुलची बस धरली. बाळारामभाऊही सणाला घरी, धक्क्यावर कुणी नव्हतं. धीर करून कडेला बसलो आणि पहिला दोर ओढला. वर आलं ते बघून मला कसंतरीच झालं. पांढरी प्लेट दिसतच नव्हती. हिरवं-काळं शेवाळ, चिखल, त्यात टोकदार कवचांचे पांढरे खडे घट्ट चिकटलेले. सगळ्या बारा तशाच. मला वाटलं, बीकरात एक साबणाचा कण राहिला तर यांचे आकडे चुकतात, इथं तर अंगठाभर घाण चढली आहे. बिचाऱ्या एकट्या कुठं कुठं बघणार…

मी परत बस धरून घाटकोपरला आलो, तारेची घासणी आणि जुनी सुरी घेतली आणि परत गेलो. बारा प्लेटा घासल्या. ते खडे सुरीने काढले, तरी त्यांच्या बुडाच्या गोल चकत्या राहत होत्या, त्याही नखाने, सुरीच्या टोकाने काढल्या. बोटं सोलवटली. दोन तास लागले. दुकानातून आणल्यासारख्या झाल्या प्लेटा. पहिल्यापेक्षा पक्क्या गाठी मारून पाण्यात सोडल्या. इतका आनंद मला मुलगी दहावी झाली तेव्हाच झाला होता.

ताई गावाहून आल्या, माहुलला गेल्या आणि दुपारी लॅबमध्ये आल्या त्या पांढऱ्याफटक पडून. मॅडमना सांगत होत्या, मी मागे भांडी पुसत होतो. "सगळ्या कोऱ्या आहेत मॅडम. एक धागा शेवाळ नाही, एक बार्नॅकल नाही. कुणी खरवडलं असतं तर चकत्या राहिल्या असत्या. चकतीसुद्धा नाही. पाण्यात काहीतरी भयंकर झालंय." बार्नॅकल म्हणजे मी सुरीने काढलेले ते पांढरे खडे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, तुम्ही नुसते दोरच बघितले असणार, पण वर्षभराची वस्ती होती हो ती. कोण आधी येतं, कोण कुणाला हाकलतं, पाणी तापलं की कोण टिकतं, तेच तर मी बघत होते." तेव्हा मला कळलं, की मी घाण काढली नव्हती… मी वस्ती उठवली होती. आम्ही झोपडपट्टीतली माणसं, वस्ती उठणं म्हणजे काय हे मला तरी कळायला हवं होतं.

मी बोललो नाही. तीन दिवस बोललो नाही. कॉन्ट्रॅक्ट संपायला महिना राहिला होता. त्या तीन दिवसांत ताई खाडीचं पाणी बाटल्या भरभरून आणत होत्या, विष शोधत होत्या, आणि त्या बाटल्या मीच धुऊन देत होतो. "घ्या ताई," म्हणून हातात देत होतो. तपासण्यांत काही निघेना, तसतशा त्या जास्त खोलात जायच्या. बाळारामभाऊंनी फोनवर सांगितलं, मासळी तर नेहमीसारखी आहे, तरी त्यांचं समाधान होईना. गुरुवारी त्या म्हणाल्या, "उद्या सगळ्या विभागासमोर मांडणार आहे, दादा. पाण्यात काय सुटलं ते नाही कळलं, पण सुटलंय हे नक्की. माहुलच्या लोकांनाही सांगायला हवं. त्यांची पोरं त्याच पाण्यात उतरतात."

माझ्यामुळे आकडे खरे येतात, असं ज्यांनी म्हटलं होतं, त्या उद्या माझ्यामुळे सगळ्यांसमोर खोटं बोलणार होत्या. मी कपाटातून तारेची घासणी काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. "विष नाही ताई. ही आहे." बाकी जे काय बोललो ते आठवत नाही. ताईंनी घासणी उजेडाकडे धरली. तारांमध्ये एक बारीक पांढरं कवच अडकलेलं होतं. ते त्यांनी चिमट्याने सोडवलं, काचेच्या डबीत ठेवलं, झाकण लावलं. मग विचारलं, "किती वेळ लागला?"

"दोन तास."

"चकत्या पण काढल्यात?"

"हो."

"मला एक प्लेट साफ करायला अर्धा दिवस जातो ओ." आणि त्या हसायला लागल्या, मग हसता हसता रडायला लागल्या. नाक पुसून म्हणाल्या, "तुमची नोकरी जाणार नाही, मी बघते. पण दादा, मला खूप राग आलाय. तीन दिवस माझ्याशी बोलू नका."

नाही बोललो. चौथ्या दिवशी सकाळी दोन कटिंग चहा घेऊन आल्या, एक माझ्यापुढे ठेवला. "राग संपला. चला, माहुलला." शुक्रवारच्या त्या बैठकीत त्यांनी सांगितलं होतं, की प्लेटा गैरसमजातून घासल्या गेल्या आणि चूक आपली, कारण कुणाला सोबत घेतलं तर काय करतोय ते आधी नीट समजावून सांगायला हवं. हे मला मॅडमकडून कळलं. ताईंनी कधी सांगितलं नाही.

त्यांनी काम नव्याने सुरू केलं. एक वर्ष वाढलं. आता मीही दर पंधरा दिवसांनी जायचो, आणि हळूहळू कडेपर्यंत पोचलो. मग पालथा पडून दोर ओढायला शिकलो. ताई शेजारी, हातात दुर्बिणीसारखी एक नळी. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं, आत निळं आणि पांढरं असे दोन भाग दिसतात, ते जुळतात ती रेघ म्हणजे पाण्याचा खारटपणा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणालो, "ताई, हे तर आभाळ दिसतंय." "वाचा मग आभाळ. किती आहे?" मी आकडा वाचला, त्यांनी वहीत लिहिला आणि तपासायला स्वतः डोळा लावला नाही. त्यांच्या लक्षात राहिलं असेल नसेल, मला आठवतं.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. मे महिन्यात प्लेटांवरचे पांढरे जीव विरळ झाले आणि त्यांच्या जागी कुणी भलतंच येऊन बसलं, मला नाव सांगता यायचं नाही. ताई धक्क्यावर बसून एकेक मोजत होत्या, उन्हाने कान लाल झालेले. म्हणाल्या, "दादा, तुम्ही घासलं नसतं तर मी गेल्या वर्षीच गाशा गुंडाळला असता. हा उन्हाळा माझ्या हातून गेला असता." मी तेव्हा मान डोलावली. पण मनात आलं, या माझी समजूत घालताहेत. ते मनातून गेलं नाही. आणि त्या गेल्यावर तर दुसरं काही सुचेना. ते वर्ष गेलं नसतं तर तोंडी परीक्षा होऊन गेली असती, त्यांच्या आईने घराच्या दारावर डॉक्टरची पाटी लावली असती…

हॉस्पिटलात मी तिसऱ्या दिवशी गेलो. आई बाहेर बसल्या होत्या, म्हणाल्या, "जावा आत. तुमची आठवण काढल्यान." डोळे हळदीसारखे पिवळे. आवाज बारीक. मला बघून म्हणाल्या, "प्लेटा, दादा." शेवटच्या बारा अजून पाण्यात होत्या, प्रबंधानंतरही त्यांनी त्या काढल्या नव्हत्या. मी म्हणालो, "मी बघतो ताई." त्या हसल्या. "फक्त बघा हां." हेच शेवटचं.

महिनाभरापूर्वी मी धीर करून मॅडमना विचारलंच, ते वर्ष माझ्यामुळे गेलं का. त्या म्हणाल्या, "वानखडे, पहिल्या वर्षाचे फोटो, मोजणी सगळं होतं. मी तिला सांगितलं होतं, तेवढ्यावर भागव, प्रबंध होऊन जाईल. तीच नाही म्हणाली. मला अजून एक उन्हाळा बघायचाय, म्हणाली. ते वर्ष तुम्ही घेतलं नाहीत, तिने घेतलं." मी विचारलं, "मी घासलं नसतं तर घेतलं असतं का?" मॅडम म्हणाल्या, "ते मला माहीत नाही." त्यांनी खोटं सांगितलं नाही, हे बरं झालं. ताईंच्या हाताखालचं माणूस खोट्यावर किती दिवस जगणार होतं?

तीन आठवड्यांपूर्वी बाळारामभाऊंचा फोन आला. "तुमच्या बाईच्या पाट्या अजून पाण्यात हायेत. काय करू?" मी म्हणालो, हात लावू नका, मी येतो. मॅडम आणि मी गेलो. मी पालथा पडून एकेक दोर ओढला. मॅडमनी फोटो काढले, मोजलं, लिहिलं. खारटपणाचा आकडा मी वाचला. एका नव्या मुलीने हे काम पुढे चालवायचं ठरवलं आहे, तिच्यासाठी अकरा प्लेटा परत सोडल्या. बारावी मॅडमनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

चार दिवस खिडकीत वाळवली. आता ती आमच्या फळीवर, मुलीच्या पुस्तकांशेजारी उभी आहे. दर रविवारी मी घर झाडतो, पुसतो, भांडी घासतो, खिडकीच्या काचा कागदाने चकचकीत करतो, तो स्वभाव जायचा नाही. बायको म्हणते, हिचा वास येतो, निदान वरचा चिखल तरी काढा. मी फडकं घेऊन फळीपर्यंत जातो. ओळीने बसलेली पांढरी कवचं, मधे वाळलेलं शेवाळ, कोपऱ्यात एक कालवाचं पिल्लू… फळी पुसतो, पुस्तकं पुसतो. प्लेट फक्त बघतो.