पाणी दाखवा

"पाणी दाखवा." दुकानात पाय ठेवला की तो एवढंच बोलायचा. तुम्ही मासा घेऊन गेला असाल तर तुम्हालाही बोलला असेल. माझं तर डोकंच फिरलं.

महाडच्या बाजारात त्याचं दुकान होतं. खायचे मासे नव्हेत, काचेत पाळायचे. आमच्या हिनं तिथूनच एक तांबडा फायटर मासा आणला होता. ही गेली, मासा माझ्या गळ्यात पडला.

एका सकाळी माशाचा डावा डोळा फुगलेला, वर पांढरी साय धरल्यासारखी. स्टीलच्या डब्यात घेतला आणि पोलादपूरहून एसटी धरली.

दुकानदारानं मासा बरणीत ओतून समोरून बघितला. "एकच डोळा सुजलाय, म्हणजे कुठंतरी घासलाय. दोन्ही असते तर रोग म्हटला असता. पाणी दाखवा."

"हे काय डब्यातलं!"

"ह्ये नाय. घरात राहतो ते."

डोळ्याचं औषध राहिलं बाजूला, मला पाणी आणायला परत धाडलं. असला वैताग!

दुसऱ्या दिवशी बाटली भरून नेली. झाकण काढून त्यानं हुंगली.

"किती दिवसांचं?"

"आठवड्याचं."

"काका, पाणी खोटं बोलत नाय."

मग खरं सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी हिनंच भरलेलं. दोन महिने मी वरून भर घालत होतो. जुनं ओतून टाकलं नव्हतं. कसं ओतणार?

बाटलीला झाकण लावत तो म्हणाला, "म्हणून काकींचा मासा आंधळा करणार काय?"

मी तडक बाहेर आलो. पायरीवरून परत आत गेलो. जाणार कुठं?

"नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवा. रोज पाव भाग जुनं काढा, तेवढं नवं घाला. तळाची घाण काढा. प्लास्टिकचं टोकदार झाड फेका. दुसरा डोळा फुगला तर लगेच या."

बाटली त्यानं फळीवर ठेवली. "राहू दे इथं. घरी नेलीत तर परत त्यातच ओताल. मासा बरा झाला की घेऊन जा."

रोज जुनं पाणी काढायला पेला बुडवताना हात अडायचा. काढलेलं पाणी परसात हिच्या अळवाला घातलं. पंधरा दिवसांत डोळा बसला.

मासा दाखवायला बरणीत घालून, बरणी मांडीवर घेऊन महाडला गेलो. शटर बंद. शेजारचा शिंपी म्हणाला, "आठ दिवस झाले, काका. झोपेतच गेला. चावी पुतण्याकडं, तो मुंबईला."

मी शटरवर थाप मारली. उगाच.

"तुमचं काय आत राहिलंय काय?"

"पाणी," मी म्हणालो.