अधिक महिन्यात अडकलेली उटी

"रद्द कर म्हनत न्हाई मी. तारीख पुढं ढकल म्हनतोय."

"पुढं काय हाय? पुढं पाऊस हाय."

"मग पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी गुडघं तुमचं घिऊन जाऊ का?"

बाबासोंनी तंबाखूची पिशवी उघडली आणि न मळताच परत बांधली. रविवार, कांदा-बटाटा मार्केट बंद, म्हणजे बाहेर सटकायलाही निमित्त नाही. तुर्भ्याच्या त्या एका खोलीत ते मध्ये बसले होते. एका अंगाला शेगडीपाशी वेणूबाई, दुसऱ्या अंगाला खाटेवर थोरले बंधू मानसिंग, सकाळीच गावाकडच्या कांद्याच्या ट्रकमधून उतरलेले. थोरल्या दिरानं भावजयीशी सरळ बोलू नये, ही साताऱ्याकडची रीत मानसिंगांनी तुर्भ्यातही सोडली नव्हती. भावजयीला जे सांगायचं ते बाबासोंना सांगायचं. ती तीन हातांवर बसलेली असायची, तरी बाबासो तेच तिला पुन्हा ऐकवायचे आणि तिचं उत्तर उलट पोचतं करायचे. त्या सकाळी त्यांची गत मधल्या भिंतीसारखी झाली होती. खिळे दोन्हीकडून.

भांडण उटीचं होतं.

मार्केट खाडी ओलांडून इकडं आलं, त्याच्यामागं बाबासोंची माथाड्यांची टोळी आली आणि टोळीमागं वेणूबाईंची शेगडी. टोळीतले गडी सगळे एकाच गावचे, बायकापोरं गावाकडं. त्यांना दोन वेळचं जेवायला घालायची खानावळ वेणूबाईंनी ह्याच खोलीत थाटली. उन्हाळ्यात भैरवनाथाची जत्रा आली की टोळी गावाला जाई, खानावळीला कुलूप लागे आणि सगळे म्हणत, चला, वेणूवैनीला सुट्टी. सुट्टी म्हणजे काय, तर गावी चुलीवर मोठी भांडी. जत्रेला पाव्हणे, पाव्हण्यांचे पाव्हणे, आणि पंगतीत समोर बसलेली टोळी. तीच तोंडं, फक्त खाली तुर्भ्याच्या फरशीऐवजी गावचं सारवण.

गेल्या दिवाळीत शेजारच्या क्रांतीनं डोक्यात किडा सोडला. क्रांती मराठवाड्यातली, सिडकोत टायपिस्ट, डबा वेणूबाईंचाच. ती म्हणाली, काकू, वाशीचा सुभाष टूरवाला मे महिन्यात उटी-म्हैसूरला बस नेतो, आचारी बरोबर असतो. वेणूबाईंनी उटी कुठं आहे हे विचारलंच नाही. आचारी काय करतो, ते विचारलं. सकाळचा चहा हातात देतो? देतो. ताट वाढतो? वाढतो. मागून भांडी? काकू, तुम्ही हातसुद्धा तिथंच धुवायचा आणि उठायचं. वेणूबाईंनी परातीतलं पीठ तसंच ठेवलं आणि म्हणाल्या, माझं नाव घाल.

बाबासोंनी टोळीदेखत परवानगी दिली होती. जत्रा तेवढी आटोपून जा, म्हणाले. मग चार दिवस मार्केटात, आमची मंडळी उटीला चाललीय, असं सांगत छाती काढून हिंडले. मागच्या उन्हाळ्यात जत्रा मेच्या सुरुवातीलाच उरकली होती, म्हणून वेणूबाईंनी मेच्या तिसऱ्या आठवड्यातली बस धरली. चांगली मोकळीक ठेवून, त्यांच्या मते. पण एक्क्याण्णवचं नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं आणि त्यात निघाला अधिक महिना, तोही नेमका वैशाख. अधिकात देवाचं कार्य होत नाही. जत्रा गेली निजात, आणि निज वैशाखातली जत्रेची अष्टमी येऊन बसली ती बस उटीत असणाऱ्या दिवसांवर. त्यातून यंदा जत्रेच्या पंगतीचा मान ह्यांच्याच घरचा.

वेणूबाई गप्प बसल्या नव्हत्या. परवाच वाशीला जाऊन आधीच्या बसमध्ये आपल्या आणि क्रांतीच्या अशा दोन जागा मागून आल्या होत्या. सुभाषनं सांगितलं, काकू, आधीच्या बसगाड्या दिवाळीतच भरल्या, तुमच्यासारख्यांनीच भरल्या. तिकडच्या लॉजवाल्यांना नावं पाठवायचीत, रविवारपर्यंत हो की नाही ते कळवा.

आज तो रविवार होता.

"बाबासो," मानसिंग खाटेवरून म्हणाले, "तिला सांग, मान बारा वर्सांनी येतोय. उटी कुटं पळून जात न्हाई."

"त्येंला सांगा," वेणूबाई पदर नीट करत म्हणाल्या, "मी जत्रा बघूनच तारीख धरली हुती. म्हयना देवानं पुढं नेला, मी न्हाई."

पुढचं सगळं त्यांनी बाबासोंच्या तोंडावर मांडलं. अधिकातला महिनाभर त्या गावातच राहणार होत्या. मसाला, चटणी, पापड, पंगतीच्या डाळी निवडून डब्यात, सगळं करून ठेवणार होत्या. भाकरीला भावकीतल्या बायका होत्याच. राहिला प्रश्न पंगतीच्या दिवसाचा, तर साताऱ्याहून आचारी आणावा. त्यांनी पत्तासुद्धा काढला होता.

मानसिंगांनी ते ऐकून घेतलं, आणि इतक्या वर्षांची रीत त्यांच्याकडून मोडली. ते सरळ वेणूबाईंकडं वळले.

"मानाच्या पंगतीला भाड्याचा आचारी? भैरवनाथाच्या दारात?"

वेणूबाईंनीही मग मधली भिंत धरली नाही.

"भाड्याचा तरी बरा, भावजी. जत्रा संपली की त्येला घरी जाऊ द्येत्यात."

बाहेरच्या नळावर कुणाची तरी बादली भरून वाहत होती. मानसिंगांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांना राग आला असावा; पण रागाला बसायला जागा सापडेना. ते इतकंच म्हणाले, की आईच्या काळात असं कुणी बोललं नाही. वेणूबाई म्हणाल्या, आत्याबाई शेवटच्या जत्रेतबी चुलीपुढंच हुत्या. पंगत उठल्यावर जेवायला बसल्या तवा भात संपला हुता, आन् मी त्येंला शेंगदाण्याचा लाडू दिला. तुमास्नी म्हाईत हुतं का? मानसिंगांना माहीत नव्हतं.

वेणूबाई उठल्या. ओलं फडकं दोरीवर टाकलं, केसांवरून हात फिरवला, घरातली सुती साडी बदलून कोपऱ्यातल्या पडद्याआड निळी नेसल्या. पिशवीत सुभाषची पावती, पाण्याची बाटली, छत्री. उन्हाचीच. क्रांतीला दारातूनच हाक मारली, तर ती आधीच चपला घालून जिन्यात उभी होती, आत येऊ की नको अशी.

मग बाबासो बोलले. आता ते कुणाचं काही पोचवत नव्हते, आवाज त्यांचा स्वतःचा होता, आणि उतरलेला.

"वेणू, पंगतीत मानसं इचारत्याल, वैनी कुटं हाय. तू तकडं ताटावर बसल्याली असशील. मी काय सांगू त्यास्नी?"

वेणूबाई मागं वळल्या नाहीत. पायात चपला सरकवल्या, क्रांतीच्या हातात छत्री दिली आणि जिना उतरून सुभाषला हो कळवायला वाशीच्या रस्त्याला लागल्या.