व्हाय-व्हायचा पाचवा रकाना

आमच्या चाकणच्या कंपनीत काहीही बिघडलं की एक फॉर्म भरावा लागतो. त्याला सगळे 'व्हाय-व्हाय' म्हणतात. एकाखाली एक पाच वेळा 'का' विचारायचं आणि पाचव्या रकान्यात मूळ कारण लिहायचं. क्वालिटीत माझी पंधरा वर्षं गेली, आणि पाचवा 'का' कंत्राटी कामगाराला सोडून दुसऱ्या कुणापाशी थांबलेला मी क्वचितच पाहिला. मशीनपाशी थांबला तर मशीन बदलावं लागतं, साहेबापाशी थांबला तर फॉर्म बदलावा लागतो.

त्या वर्षी मला एक खूळ लागलं होतं. दर रविवारी तळेगावहून स्कूटर काढून मी निगडीच्या एका विहारात पाली शिकायला जायचो. शिकवणारे निवृत्त मास्तर होते. ते सांगायचे, बुद्धाच्या जुन्या सुत्तांत चित्त, मन आणि विञ्ञाण म्हणजे जाणीव, हे शब्द कधी कधी एकाच गोष्टीसाठी येतात, आणि ती गोष्ट म्हणजे आत ठाण मांडून बसलेला मालक नव्हे. डोळा हवा, समोर वस्तू हवी, तिकडे लक्ष वळलेलं हवं. तेव्हा 'पाहणं' उपजतं. यातलं एक जरी कमी पडलं तरी उपजत नाही. विस्तवासारखंच ते: गोवऱ्यांवर पेटला तर गोवऱ्यांचा विस्तव, लाकडांवर पेटला तर लाकडांचा. सरपण संपल्यावर विस्तव कुठल्या दिशेला गेला हे विचारू नये.

मला हे इतकं पटलं की मी ते दिसेल त्याला सांगू लागलो. कँटीनमध्ये माझ्यासमोरची खुर्ची रिकामी राहायला लागली, तर लोकांनाही एकांताची गोडी लागली असं मला वाटलं. शॉप फ्लोअरवर फेरी मारताना मी नाकपुड्यांतला श्वास बघत चालायचो. कुणी काही म्हणालं तर संथपणे 'हं' म्हणायचो. तो 'हं' मला फार आवडायचा. आपण बरेच पुढे गेलो आहोत असं त्यातून वाटायचं.

अशात भेग गेलेला एक ब्रॅकेट थेट ग्राहकाकडे पोचला. त्यावरचा 'पास'चा शिक्का तपासणीच्या टेबलावरच्या ताईंचा होता. त्या बीडकडच्या, सहा वर्षं कंत्राटावर. मुलगी बारावीला आणि घर त्यांच्या एकटीच्या जिवावर. मॅनेजरसाहेबांनी मला सांगितलं, संध्याकाळपर्यंत व्हाय-व्हाय दे, म्हणजे उद्यापासून यांना गेटवरच थांबवता येईल. मी चार 'का' सराईतपणे खरडले आणि पाचव्यात लिहिलं, 'ऑपरेटरचं मन ठिकाणावर नव्हतं.' रविवारभर ज्या मनाला मालक नसायचा, त्याला सोमवार ते शनिवार मी एका मिनिटात मालक शोधून द्यायचो. यात काही खटकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही.

फॉर्मवर त्यांची सही लागते, म्हणून मी टेबलापाशी गेलो. ताईंनी तो सगळा वाचला.

"साहेब, मन इथंच होतं," त्या म्हणाल्या. "ही वरची ट्यूब चार दिस झाले फडफडायलीय. म्या दोनदा सांगितलं तुम्हाला. तुम्ही हं म्हणलात."

मी वर पाहिलं. ट्यूब फडफडत होती. त्यांनी सांगितल्याचं मला काही केल्या आठवेना. कान जागेवर होते, आवाजही झाला होता, लक्ष मात्र नाकपुड्यांवर होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी फॉर्म फाडला, दुसरा घेतला आणि पाचव्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मॅनेजरसाहेबांनी तो परत केला. क्वालिटीचा साहेबच चुकला म्हटल्यावर ग्राहक काय म्हणेल, ही त्यांची अडचण. ट्यूब लिहू का विचारलं, तर म्हणाले, मेंटेनन्सवाले अंगावर येतील. शेवटी हताश होऊन मी त्यांना सांगून टाकलं की खरं म्हणजे मनाला मालकच नसतो. माझं हे बोलणं कंपनीत पहिल्यांदाच कुणीतरी कान देऊन ऐकलं. साहेबांनी पेन उचललं आणि मूळ कारण म्हणून नुसतं 'मन' लिहिलं, कुणाचं ते न लिहिता. कुणाचं नाव नाही म्हणून कुणाला काढणं नाही. ताईंची नोकरी राहिली. उपायाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'शिफ्टआधी रोज दहा मिनिटं ध्यान,' आणि जबाबदारीपुढे माझं नाव घातलं. ग्राहकानं तो फॉर्म एका फटक्यात मंजूर केला.

पहिल्या सकाळी तपासणीच्या सगळ्या बायका टेबलांपाशी बसल्या. मी डोळे मिटायला सांगितलं आणि स्वतःही मिटले.

"साहेब, ट्यूब बदलली का?" ताईंनी विचारलं.

"हं," मी म्हणालो, आणि या खेपेला तो मला ऐकू आला.

त्या दिवशी ध्यान राहिलंच. मी स्टोअरमधून नवी ट्यूब आणली आणि स्टुलावर चढलो. स्टूल ताईंनी धरलं होतं.