मागच्या चाकाचा नट

"यायले आता चटका बसला तरी समजत नाई," लोणारेकाकू बाकावरच्या दुसऱ्या बाईला नवऱ्याबद्दल सांगत होत्या. "गॅसवरचा भाजीचा गरम गंज हातानं उचलते अन् म्हणते, थंडाच तर आहे."

मी काउंटरमागे एका गाडीची नोंद टाइप करत होते. ऐकलं नाही असं दाखवलं. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला दिवसभरात बरंच काही ऐकू न आल्यासारखं करावं लागतं. मला ते बोलण्यापेक्षा सोपं जातं.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणजे गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांच्या मधला माणूस. गिऱ्हाईक म्हणतं, गाडी मागून आवाज करून राह्यली. तो आवाज कशाचा असेल ते मी मेकॅनिकला सांगते. काम झालं की शेवटची तपासणी माझी. सगळं ठीक असेल तर चावी मी देते. चावी दिली की ती गाडी माझ्या भरवशावर रस्त्यावर जाते.

चंद्रपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये महिन्यातून एका शनिवारी लोकांना आपल्या गाडीचं काम आपल्या हातानं करू देतात. जागा आमची, अवजारं हवी तर आमची, हात त्यांचे. लांब प्रवासाच्या, टूरिंगच्या मोटरसायकली घेणाऱ्यांना हे यायलाच हवं. आलापल्लीच्या पुढे जंगलात चेन सैल झाली तर फोनला रेंज नसते आणि मेकॅनिकही सापडत नाही.

त्या शनिवारी लोणारेकाका आले होते. भद्रावतीच्या फॅक्टरीत फिटर म्हणून नोकरी झाली, रिटायर झाल्यावर त्यांनी ही मोठी गाडी घेतली. मी पहिल्या दिवशी त्यांना सर म्हटलं तर म्हणाले, "सर आमचे सायब होते. मी लोणारे." मग काका म्हणायला लागले. आपल्या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला त्यांना चालत नसे. आमचे हेड मेकॅनिक रफीकभाई त्यांना चिडवायचे, की काकूला तरी गाडी पुसू देता की नाही. काका म्हणायचे, तिनं कधी मागितलंच नाही.

गाडी सिरोंच्याला जायची होती. ते काकूंचं माहेर. त्यांची मोठी बहीण तिथेच, गुडघ्यांमुळे आता घराबाहेर पडत नाही. काकू रोज तिच्याशी फोनवर तेलुगूत बोलतात. पण बसमध्ये काकूंना उलट्या होतात, कारमध्येही होतात. काकांच्या मागे बसलं की होत नाहीत. त्यामुळे बहिणीला भेटायचं तर ही गाडी आणि हे काका, दुसरा मार्ग नव्हता.

सकाळी गाडी आत घेताना मी नेहमीप्रमाणे मागे बसून फेरी मारली होती. मूल रोडपर्यंत गेलो. एक म्हैस आडवी आली, काकांनी दोन्ही ब्रेक हळू लावून गाडी नीट थांबवली. चालवण्यात काही कमी नव्हतं. म्हणूनच काकूंचं ते बोलणं खटकलं. नोंद संपवून मी बाकाजवळ गेले आणि मुश्किलीने विचारलं, डॉक्टर काय म्हणतात. शुगरमुळे बोटांची टोकं बधिर झालीत, त्या म्हणाल्या. जोर आहे. डॉक्टरांनी गाडीला मनाई केली नाही. बारीकसारीक तेवढं कळत नाही. "शर्टाची बटनं मीच लावून देतो," असं त्या हळूच म्हणाल्या आणि काकांकडे पाहिलं. काकांचं लक्ष गाडीत होतं.

त्यानंतर मी काउंटर सोडून काकांच्या आसपासच राहिले. त्यांनी इंजिनचं जुनं तेल काढलं. गरम तेल बोटांवरून ओघळलं, त्यांनी हात मागे घेतला नाही. फडक्यानं पुसला आणि पुढच्या कामाला लागले. तेलाचं बूच परत लावताना त्याची जागा सापडायला त्यांना दोनदा खाली वाकून बघावं लागलं. पूर्वी न बघता हात जायचा.

मग चेन. चेन वापरून सैल होते, ती ताणायची तर मागचं चाक थोडं मागे सरकवावं लागतं. त्यासाठी चाकाच्या आसाचा मोठा नट ढिला करायचा, दोन्ही बाजूंच्या खुणा बघून चाक सारखं मागे घ्यायचं, आणि नट परत आवळायचा. हा नट म्हणजे मागचं चाक जागेवर धरणारी गोष्ट. काकांनी खुणा इतक्या नीट जुळवल्या की रफीकभाई येऊन बघून गेले. मी टॉर्क रेंच पुढे केला. टॉर्क रेंच म्हणजे जोर मोजणारा पाना. हवा तेवढा जोर लावून झाला की तो टक् असा आवाज करतो, मग थांबायचं.

"ते नवशिक्यायले," काका म्हणाले. त्यांनी आपला रिंग पाना लावला, आवळला, शेवटी एक हिसका दिला.

मी टॉर्क रेंच हातातच ठेवला.

आमच्याकडे एक रीत आहे. असा नट आवळला की नटावरून बाजूच्या लोखंडावर पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढायची, आणि ज्यानं आवळला त्यानंच ओढायची. पुढे कधी नट सरकला तर रेघ तुटलेली दिसते. काकांनी रेघ ओढली. मागे होऊन पाहिली. काकूंना म्हणाले, झालं सिरोंचा. आणि हात धुवायला गेले.

मी टॉर्क रेंच नटावर लावला. नीट आवळलेला नट हलत नाही, लगेच टक् ऐकू येतं. हा फिरला. टक् व्हायच्या आधी चांगलाच फिरला. पिवळ्या रेघेचे दोन तुकडे होऊन एकमेकांपासून दूर गेले.

कारण मला माहीत होतं. या नटाच्या आत नायलॉनची कडी असते, नट आपोआप सुटू नये म्हणून. तिच्यामुळे तो मोकळा फिरतानाही जड लागतो. ते जडपण वेगळं आणि आवळल्याचं जडपण वेगळं. हा फरक फक्त बोटांना कळतो. काकांच्या बोटांनी आयुष्यभर तो ओळखला असणार.

रफीकभाई माझ्यामागे उभे होते. त्यांनी रेघ पाहिली.

"आता बसला न नट?"

"हो."

"मंग पेट्रोलचं फडकं मारा, नवी रेघ ओढा, चावी द्या. काऊन बुढ्याचं मन मोडता?"

त्यांचं चूक नव्हतं. गाडी आता ठीक होती. पण अर्ध्या वाटेत चेन परत सैल झाली असती, तर काकांनी हाच नट त्याच हातांनी सोडला आणि आवळला असता. बाजूला जंगल, मागच्या सीटवर काकू. आणि तिथे मी नसते.

फडकं माझ्या हातात होतं तेव्हाच काका आले. त्यांनी माझ्याकडे नाही, नटाकडे पाहिलं. फिटरच्या नजरेला दोन तुकडे समजवावे लागत नाहीत.

"कोणी हात लावला?"

"मी," मी म्हणाले. "फिरला, काका. टक् व्हायच्या आधी."

ते खाली बसले. अंगठा रेघेवरून फिरवला, मग दुसऱ्या हाताचा फिरवला. मान न वळवताच त्यांनी काकूंना विचारलं, "तुले माहीत होतं?"

काकू म्हणाल्या, "बटनं कोण लावते तुमची?"

काका उठले. चावी काढून त्यांनी माझ्यासमोर सीटवर ठेवली. आवाज चढवला नाही. "ठेव बाई तुमच्याकडे. मले माहा नट समजत नाई तर मी इले घेऊन कुठी जाऊ? सिरोंचा राहू दे."

काकू उठून उभ्या राहिल्या आणि परत बसल्या. रफीकभाई दुसऱ्या गाडीकडे वळले, तिथे त्यांचं काही काम नव्हतं.

पुढचं आधी सांगते. ते दोघं सिरोंच्याला गेले आणि नीट परत आले. आलापल्लीच्या पुढे चेन एकदा ताणावी लागली, ते काम काकांनी रस्त्याच्या कडेला केलं आणि रेघेचा फोटो मला पाठवला. फोटोत रेघेपेक्षा काकूंची चप्पलच जास्त आली होती. आमच्या वर्कशॉपनं त्यानंतर एकच बदल केला. शनिवारी येणाऱ्या माणसाच्या हातात सुरुवातीलाच टॉर्क रेंच देतात, मग तो नवशिका असो की रिटायर्ड फिटर. तपासणी काम संपल्यावर केली की ती चूक पकडल्यासारखी वाटते. आधी केली की ती कामाचाच भाग असते. मला ते त्या दिवशी कळलं.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. चावी सीटवर होती आणि तिघंही माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, हीच काय ती सोय. मला मराठीत पटकन सुचत नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे असं मी सगळ्यांना सांगते, पण इंग्रजीतही सुचत नाही. मी टॉर्क रेंच उचलला, त्याची मूठ काकांच्या तळहातात ठेवली, आणि माझ्यासाठी जरा मोठ्यानेच म्हणाले,

"काका, बोटांना नाही कळलं तर राहू द्या, हा वाजतो आणि तुम्हाला ऐकू येतं. नट सोडा, परत तुम्हीच आवळा. मी नुसती उभी राहते."