कॅमेऱ्याच्या डोक्यातला पांढरा पट्टा

आमच्या नाक्यावर कॅमेरा आला तेव्हा त्याला हार घातला होता. घातला पाहुण्यांनी. म्हणजे शिडीवर चढलेल्या माणसाने घातला आणि पाहुण्यांनी खालून हात वर करून फोटो काढून घेतला. हार झेंडूचा, जाडजूड, नेमका भिंगावरून लोंबणारा. खाली फलक होता, ‘राष्ट्रीय रस्ता सुरक्षेचा तिसरा डोळा’. पहिल्या दिवशी त्या डोळ्याने फक्त झेंडू पाहिला.

मी हसले, पण मनातून खूश होते. कॅमेरा आम्हा चाळकऱ्यांनीच मागितला होता. वालीवकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या अलीकडे आमची चाळ, पलीकडे आईचा कारखाना. आई तिथे प्लॅस्टिकचे डबे पॅक करते. सिग्नल लाल झाला की मोटारसायकलवाले झेब्रा क्रॉसिंगवर येऊन उभे राहायचे आणि आईने त्यांच्या चाकांमधून वाट काढायची. एकदा एकाने हिरवा व्हायच्या आधीच गाडी रेटली. तेव्हापासून आईचा गुडघा दुखतो आणि रस्ता ओलांडताना ती माझा दंड इतका घट्ट धरते की वळ उठतात. म्हणून कॅमेऱ्यासाठी पत्रकं. ‘नागरिकहो, आणखी किती गुडघे?’ हे माझंच वाक्य.

कॅमेरा लागला आणि थोड्याच दिवसांत पाइप टाकायला रस्ता खोदला. मग वरून डांबर. काळंभोर, गुळगुळीत, दृष्ट लागावी असं. त्याखाली झेब्रा गेला, गाड्यांनी थांबायचा पांढरा पट्टाही गेला. हे सगळ्या नाक्याला दिसलं, फक्त कॅमेऱ्याला कुणी कळवलं नाही. त्याच्या डोक्यात पट्टा होता तिथेच होता. लोकांच्या मोबाइलवर चलनं येऊन पडू लागली, पट्टा ओलांडल्याची. सोबत पुरावा म्हणून फोटो. फोटोत गाडी, नंबर, चालवणाऱ्याची मिशीसुद्धा. पट्टा तेवढा नाही.

आम्ही वाहतूक खात्याच्या कार्यालयात गेलो. साहेब चहा पीत होते.

“पट्टा आहे,” ते म्हणाले.

“कुठे आहे?”

“सिस्टीममध्ये.”

“आणि रस्त्यावर?”

“मॅडम, रस्ता दुसऱ्या खात्याकडे येतो.”

म्हणजे पट्टा यांचा, रस्ता त्यांचा आणि चलन आमचं! मी घरी येऊन तावातावाने नवं पत्रक लिहायला बसले. ‘आमचा पट्टा परत द्या.’

आईने ते वाचलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, “उद्गारचिन्हं जरा कमी कर गं, कानठळ्या बसतात. आणि हे वाटू नकोस.”

“का?”

“उद्या माझ्याबरोबर नाक्यावर ये, म्हणजे कळेल.”

गेले. सिग्नल लाल झाला आणि गाड्या थांबल्या, पण कुठे? पार मागे, पंक्चरवाल्याच्या टपरीपाशी. पट्टा कुठे आहे हे कुणालाच माहीत नसल्यामुळे जो तो जिवाच्या भीतीने लांब उभा. मागचे ओरडत होते, “अरे ए, घरीच थांबायचंस ना!” पुढचा मान न वळवता म्हणाला, “तू ये पुढे, तुझा फोटो काढून घे.” मध्ये एवढी मोकळी जागा, की खुर्च्या मांडून हळदीकुंकू करावं. आई आणि कारखान्यातल्या बाया त्यातून गप्पा मारत निघाल्या. आईने माझा दंड धरला नव्हता. कडेला बसणारी गावातली भाजीवाली मावशी मला म्हणाली, “बघितलं? आता कोनी अंगावर येत नाय. तुजा पट्टा तुज्याकडंच ठेव.”

पण तक्रारी आमच्या एकट्यांच्या नव्हत्या. एका सकाळी, कारखाने उघडायच्या सुमाराला, रंगाची गाडी आणि एक रंगारी नाक्यावर हजर. आईचा चेहरा उतरला. पट्टा जुन्या जागी आला की चाकंही जुन्या जागी येणार.

रंगारी डांबराकडे बघत डोकं खाजवत होता. “पट्टा कुठे होता हो?”

“तुम्हाला नकाशा नाही दिला?” मी विचारलं.

“रंग दिलाय,” तो म्हणाला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई चालायला लागली. दुखरा गुडघा घेऊन थेट पंक्चरवाल्याच्या टपरीपर्यंत गेली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि पायाने दाखवलं. “हा इथे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. काय गं?”

“इथेच की!” सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या. मावशी तर म्हणाली की ती लहानपनापासून तिथेच बघत आलीय. रंगाऱ्याने दोरी धरली आणि पट्टा मारला. झेब्रा त्याने पुढे, बाया चालतात तिथे मारला.

गाड्या आता पट्ट्यावर थांबतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कितीतरी मागे. कॅमेऱ्याला कुणी सापडेना. यावरून कार्यालयाने निष्कर्ष काढला की जनतेला शिस्त लागली, श्रेय कॅमेऱ्याचं. पुन्हा पाहुणे, पुन्हा शिडी, पुन्हा झेंडू. भाषण सुरू असताना पाहुण्यांची पांढरी गाडी आरामात झेब्र्यावर उभी होती. तिसरा डोळा हारामागे.

आईची कामाची वेळ झाली होती. तिने बॉनेटवर दोन थापा मारल्या.

“गाडी मागे घे.”

ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, साहेबांची गाडी आहे.”

“असू दे की. पट्टा तिकडे आहे, तो बघ. त्याच्या मागे घे.”

माइकवरचा आवाज थांबला. सगळे बघायला लागले. ड्रायव्हरने पाहुण्यांकडे पाहिलं, पाहुण्यांनी हाराकडे पाहिलं. गाडी मागे जाऊ लागली. ती पट्ट्याच्या पार मागे जाईपर्यंत आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडून गेली.